एक खाडी पुरे: मित्रांनी मिळून जग रचायचं, खेळायचं आणि त्याचा पॉडकास्ट करायचा

दशावतारात आख्यान ठरलेलं असतं, संवाद नसतात. कोण कोणाचं सोंग घेणार, युद्ध कुठे लागणार, शेवटी कोण पडणार एवढं रंगपटात बोलून होतं. बाकीचं उभ्या उभ्या सुचतं. टेबलटॉप रोलप्लेइंग हा खेळ जवळपास असाच. फरक इतकाच की शेवटी कोण पडणार हे फासे ठरवतात. चार-पाच जण टेबलाभोवती किंवा पडवीत सतरंजीवर बसतात, एक सूत्रधार होतो, बाकीचे एकेक पात्र घेतात आणि बोलत बोलत गोष्ट पुढे नेतात. १९७४ साली अमेरिकेत डन्जन्स अँड ड्रॅगन्स छापून आला, तेव्हापासून या खेळाला छापील नियम आहेत. आता लोक खेळ रेकॉर्ड करून ऐकवतातही.

मराठीत अशी मंडळी जमली की पहिलं जग बहुधा एकाच कारणाने बुडतं: ते फार मोठं असतं. सात राज्यं, तीनशे वर्षांचा इतिहास, चार धर्म. रचताना मजा येते, पण ऐकणाऱ्यासमोर नकाशा नसतो. तो एसटीच्या खिडकीला डोकं टेकून ऐकतोय, नाहीतर आंब्याच्या पेट्या भरताना. त्याला सातवं राज्य कुठे होतं ते आठवणार नाही.

म्हणून एक खाडी घ्या. मुखापासून पाणी गोडं होतं तिथपर्यंत. खाडी ही रेघ आहे, आणि रेघ कानाने लक्षात राहते: प्रत्येक जागा एकतर समुद्राच्या बाजूला असते, नाहीतर घाटाच्या. ‘धक्क्याच्या वर’, ‘तरीच्या खाली’ (तर म्हणजे होडीने खाडी ओलांडायची जागा) एवढं म्हटलं की ऐकणाऱ्याच्या डोक्यात नकाशा तयार. मुखाशी पुळण आणि वाळूचा बार, आत बंदर, मग कांदळवन आणि खाजण, त्याच्यावर वाड्या, वर कातळाचा सडा. मीठ, मासे, भात, देव, सावकार, परका माणूस येण्याची वाट, सगळं पाच कोसांत मिळतं.

माणसं आणि मुहूर्त

सूत्रधार धरून पाच, त्याहून जास्त नकोत, चार उत्तम. सहावा आवाज आला की ऐकणारा ‘हा कोण बोलला’ यातच अडकतो. दोघांचे आवाज सारखे असतील (चुलत भावांचे हमखास असतात) तर एकाच्या पात्राला लकब द्या. प्रत्येक वाक्यात समोरच्याचं नाव घेणं ही सगळ्यात कामाची लकब. कोण बोलतंय आणि कोणाशी, दोन्ही कळतं.

आपल्याकडे अर्धी मंडळी चाकरमानी. गणपतीत सगळे गावात असतात, पण घर भरलेलं, आरत्या, भजनं, पोरांचा दंगा. त्यात रेकॉर्डिंग होणे नाही. नकाशा मात्र छान होतो. रेकॉर्डिंगचा हंगाम दिवाळीनंतर शिमग्यापर्यंतचा, कारण तेव्हा पाऊस नसतो आणि पंखा बंद ठेवून बसता येतं. मे महिन्यात पंख्याशिवाय तीन तास कोणी बसत नाही. पावसाळ्यात पत्र्याखाली माइक लावायचं मनातही आणू नका. कौलाखाली थोडं बरं, पण मुसळधार सरीत तेही नाही.

पहिली बैठक: आधी पाणी काढा

साहित्य: ड्रॉइंग पेपरचे दोन मोठे ताव आडवे चिकटवून, पेन्सिली, एकच खोडरबर, निळं आणि लाल स्केचपेन, वीस-पंचवीस चिंचोके, आणि तिथ्या छापलेलं भिंतीवरचं कॅलेंडर. वेळ तीन तास.

पश्चिम डावीकडे धरा. सूत्रधाराने काहीच काढायचं नाही. पहिला खेळाडू समुद्राची कड आणि खाडीचं मुख काढतो, दुसरा पहिलं वळण, तिसरा खाडी अरुंद होते ती जागा, चौथा पाणी गोडं होतं ते ठिकाण. हे दहा मिनिटांचं काम. कोणी नारळाची झाडं रंगवायला घेतली तर स्केचपेन काढून घ्या.

मग जागा. पाळीपाळीने प्रत्येकाने एक जागा ठेवायची आणि तिच्याबद्दल तीनच गोष्टी सांगायच्या: आवाज, पोट, अडचण. तिथे डोळे मिटून उभं राहिलं तर काय ऐकू येतं, तिथली माणसं कशावर जगतात, आणि त्यांचं काय अडलंय. समजा कोणी अरुंद जागेवर तर ठेवली:

आवाज: पलीकडच्या काठावरून ‘होऽऽ’ अशी हाक, पाण्यावरून अर्धीच पोचलेली.
पोट: घरटी वर्षाला एक पायली भात, परक्याकडून रोख.
अडचण: तरीवाल्याचा मुलगा अंधार पडल्यावर वल्हं हातात घेत नाही, आणि का ते सांगत नाही.

एवढंच. तरीवाल्याच्या आजोबांचा इतिहास नको. आवाज पहिला मागायचा, कारण पुढे तोच कामाला येतो. सूत्रधाराने नुसतं ‘होऽऽ’ म्हटलं की चौथ्या भागापर्यंत ऐकणाऱ्याला आपण कुठे आलो ते कळतं. वर्णनाची चार वाक्यं टळतात.

दोन फेऱ्या करा. चार खेळाडूंच्या आठ जागा झाल्या, बास.

चिंचोके ही जगाची मर्यादा. प्रत्येकाला पाच. नवी जागा ठेवायला एक, नाव असलेलं माणूस आणायला एक, दुसऱ्याने ठेवलेल्या गोष्टीत भर घालायला दोन, आणि त्यासाठी त्याची संमती हवी. चिंचोके संपले की माणूस फक्त प्रश्न विचारू शकतो. गणित सोपं आहे: चार जणांत वीस चिंचोके, म्हणजे जगात फार तर वीस गोष्टी. पहिल्या हंगामाला वीससुद्धा जास्त होतात.

सूत्रधाराचं काम विचारण्याचं. ‘इथे काय आहे?’ हा प्रश्न जागेवरच मरतो. समोरचा छताकडे बघतो आणि ‘मंदिर’ म्हणतो. प्रश्नात अर्धी बातमी घालून विचारा: ‘धक्क्याच्या खालच्या तीन पायऱ्या कोणी फोडल्या?’ पायऱ्या फुटल्या हे सूत्रधाराने ठरवलं, कोणी फोडल्या हे खेळाडू ठरवतो, आणि दोघांचं मिळून काहीतरी उभं राहतं. प्रत्येक जागेला असा एक प्रश्न.

शेवटी लाल स्केचपेनने नकाशावर तीन वर्तुळं काढा. तिथे काय आहे हे कोणालाच माहीत नाही, सूत्रधारालाही नाही. ती फक्त खेळताना उघडायची. सूत्रधार घरी जाऊन ती गुपचूप भरून ठेवतो, आणि मग खेळाडूंना त्याच वाटेने ढकलत राहतो. ही चूक बहुतेक सगळे करतात, आणि रेकॉर्डिंगमध्ये ती लगेच ऐकू येते: सूत्रधाराची वाक्यं लांबत जातात.

आणखी काय बिघडतं? कोकणातली मंडळी बसली की दहा मिनिटांत किल्ला येतो. एक चालेल, तोही पडका. किल्ला आला की राजा येतो, राजा आला की लढाई, आणि तरीवाला कोपऱ्यात जातो. दुसरं, भुतं. एकाने पिंपळावर मुंजा ठेवला की दुसरा विहिरीत हडळ ठेवतो, तिसरा सड्यावर देवचार. अख्ख्या खाडीत एकच काय ते ठेवा, आणि पहिल्या तीन भागांत ते कोणाला दिसता कामा नये. तिसरी अडचण जरा नाजूक: एखादा घरून बारा पानं लिहून आणतो. त्याला हिरमुसला करू नका. त्यातली तीन वाक्यं त्यालाच निवडायला सांगा आणि चिंचोके घ्या.

नावांची परीक्षा दिवे घालवून घ्या. अंधारात सगळी नावं मोठ्याने म्हणा. सदा, सखाराम आणि सावळाराम एकाच खाडीत राहिले तर ऐकणारा तिसऱ्या मिनिटाला हरवतो. महत्त्वाच्या नावांची पहिली अक्षरं वेगळी हवीत. गावाचं नाव ठरवल्यावर नकाशात शोधून बघा. कोकणात वाड्या इतक्या आहेत की मनातलं नाव बहुतेक वेळा कुठेतरी निघतंच.

पाऊणपटीचा नियम

आपल्या किनाऱ्यावर जुना हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. चतुर्थी म्हणजे चार गुणिले पाऊण, तीन वाजता. अष्टमीला सहा. पौर्णिमेला आणि अमावास्येला पंधरा धरून सव्वा अकरा. वद्य पक्षात मोजणी पुन्हा एकपासून. तिथून साडेबारा तासांच्या आसपास पुढची भरती, मध्यावर ओहोटी, आणि रोज सुमारे पन्नास मिनिटं उशीर. प्रत्येक बंदराचं थोडं पुढेमागे असतं आणि खाडीत आत गेलं की आणखी उशीर होतो, पण खेळाला हे पुरेसं आहे.

याचा फायदा मोठा. प्रत्येक भागाच्या सुरुवातीला सूत्रधार एक तिथी सांगतो, आणि सगळ्या खाडीला घड्याळ लागतं. पौर्णिमेच्या रात्री सव्वा अकराला पाणी भरलेलं, पहाटे साडेपाचच्या सुमारास पूर्ण ओहोटी. म्हणजे मचवा बारवरून बाहेर काढायचा तर मध्यरात्रीच्या आसपास, आणि चिखलात रुतलेलं काही शोधायचं तर पहाटे. घाई मुद्दाम आणावी लागत नाही. पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, खाजणाचा बांध फुटायचा तो तेव्हा. अष्टमीच्या आगेमागे भांग, पाणी ना धड चढत ना उतरत. रेंगाळणारे, बोलण्याचे प्रसंग त्या तिथीला टाका. गोष्ट आजच्या काळातली असेल तर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद असते, हे विसरू नका. बंदरावर माणसं रिकामी बसलेली असतात, आणि रिकाम्या माणसांना भांडायला वेळ असतो.

फासे

श्राव्य खेळाला जड नियम मानवत नाहीत. ‘डेक्स्टेरिटी सेव्हिंग थ्रो कर, अधिक प्रोफिशियन्सी’ असं दर दोन मिनिटांनी ऐकू आलं की गोष्ट तुटते. ल्युडोचे दोन फासे घ्या. बेरीज सहा किंवा कमी आली तर काम फसलं. सात ते नऊ आली तर काम झालं, पण किंमत मोजून. दहा किंवा जास्त आली तर निर्वेध. ही तीन पायऱ्यांची रचना २०१० सालच्या अपोकॅलिप्स वर्ल्ड या खेळाने रूढ केली. दोन फाशांच्या छत्तीस शक्यतांपैकी पंधरा फसण्याच्या, पंधरा किमतीच्या आणि सहाच निर्वेध. पात्राला ज्यात गती आहे तिथे एक मिळवा. मग दहा, सोळा आणि दहा असं वाटप होतं. दोन मिळवू नका, धोका फार कमी होतो.

सगळा रस मधल्या पायरीत आहे, म्हणून किंमत सांगायला सूत्रधार अडखळता कामा नये. चार किमती एका कागदावर लिहून समोर ठेवा: वेळ, वस्तू, साक्षीदार, उपकार. ओहोटी लागली असताना कोणी होडी पलीकडे न्यायला बघतंय आणि आठ पडले. वेळ: पोचलास, पण होडी वाळूवर बसली, आता पुढच्या भरतीपर्यंत तिथेच. वस्तू: वल्हं गेलं. साक्षीदार: कांदळवनात खेकडे धरणाऱ्या बाईने बघितलं. उपकार: कोणीतरी दोर टाकला, आणि तो माणूस नेमका सावकाराचा. खेळाडूला दोन पर्याय द्या, निवड त्याची.

ज्यांना मोठ्या नियमावलीचीच हौस आहे त्यांच्यासाठी: डन्जन्स अँड ड्रॅगन्सच्या पाचव्या आवृत्तीची पायाभूत नियमसंहिता, एसआरडी ५.१, जानेवारी २०२३ पासून क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयासह-वापर परवान्यात आहे. श्रेय दिलंत तर ती मराठी करून पॉडकास्टात वापरता येते.

बोली

सूत्रधार साध्या मराठीत, पात्रं आपापल्या बोलीत. पण घरी जी बोलता तीच बोली घ्या. मालवणी, संगमेश्वरी, कोकणी मुसलमानांची, आगरी यांतली कुठलीही ऐकून ऐकून उचललेली असेल तर पहिल्या वाक्याला पकडली जाते. मालवणी फक्त विनोदी गड्याला आणि सावकार मात्र पुणेरी, ही वाईट सवय नाटकांतून आली आहे. उलट करून बघा: खाडीतला सगळ्यात घाबरवणारा माणूस मालवणीत हळू आवाजात बोलू द्या.

खोली, माइक, आणि कोकणातले आवाज

टाइल्स बसवलेला नवा हॉल आवाजाला वाईट. मधोमध उभं राहून एक टाळी वाजवा. मागे ‘टर्रर्र’ असं शेपूट ऐकू आलं तर ती खोली सोडा. भाताची पोती, गाद्यांचा ढीग, गोधड्या असलेली आतली खोली सगळ्यात चांगली. घोंगडी लावायचीच तर बोलणाऱ्याच्या पाठीमागच्या भिंतीवर लावा. लोक माइकच्या मागे लावतात, पण एका दिशेचं ऐकणारा माइक बघत असतो तुमच्याकडे, म्हणजे तुमच्या मागच्या भिंतीकडे.

पुळणीजवळच्या घरात समुद्राची गाज येते. ती वरपासून खालपर्यंत सगळ्या पट्ट्यांत पसरलेली असते, नंतर काढता येत नाही. घराची डोंगराकडची खोली घ्या, आणि पुळण सपाट असेल तर ओहोटीची वेळ धरा. पाऊणपट इथेही उपयोगी पडते. रातकिडे त्याहून वाईट. त्यांची किरकिर स, श, च यांच्या पट्ट्यात बसते, आणि ती काढायला गेलात की माणसं बोबडी बोलल्यासारखी वाटतात. दिवेलागणीच्या आत संपवा.

माइक डायनॅमिक घ्या, प्रत्येकाला एक. कन्डेन्सर माइक स्वच्छ असतो, पण अख्ख्या वाडीतली कुत्री त्यात येतात, आणि दमट हवेत तो चरचरतो. कुठलाही माइक असो, वापर झाला की सिलिका जेलच्या पुड्या घातलेल्या घट्ट झाकणाच्या डब्यात. कोकणात फोमची टोपी एका पावसाळ्यात बुरसटते, ती वेगळी ठेवा.

तोंडापासून माइक मुठीएवढ्या अंतरावर, साधारण दहा सेंटिमीटर, आणि सरळ समोर न धरता गालाच्या बाजूने तिरका. मराठीत भ, फ, ध, ख यांचा वारा जोरात सुटतो. ‘भाऊ, भरती भरली’ हे वाक्य माइकवर म्हणून बघा. तीन धडधड ऐकू आल्या तर आणखी तिरका करा. दोन माइकमधलं अंतर तोंड ते माइक या अंतराच्या निदान तिप्पट हवं, नाहीतर शेजाऱ्याचा आवाज तुमच्या माइकमध्ये शिरून पोकळ वाटतो.

प्रत्येक माइकचा वेगळा ट्रॅक हवा. चार-पाच इनपुटचा रेकॉर्डर किंवा इंटरफेस, ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट. बोलणं उणे १८ ते उणे १२ डेसिबलच्या दरम्यान राहावं आणि मोठ्यात मोठं हसू उणे ६ च्या वर जाऊ नये. आधी सगळ्यांना एकदम हसायला सांगून तपासा, कारण फाटतं ते हसू. एका ट्रॅकची तासाची वेव्ह फाइल सुमारे ५२० एमबी. पाच ट्रॅक तीन तास म्हणजे पावणेआठ जीबी. ३२ जीबीचं कार्ड ठेवा आणि त्याच रात्री दोन ठिकाणी प्रत करा.

पैसे नसतील तर प्रत्येकाने आपला फोन विमान मोडवर टाकून, कॉलरला लावायचा तारेचा माइक जोडून रेकॉर्ड करायचं. सुरुवातीला आणि शेवटी एकेक जोराची टाळी. सुरुवातीच्या टाळीने ट्रॅक जुळतात. शेवटच्या टाळीने कळतं की कुठला फोन मागे पडला, कारण दोन फोनांची घड्याळं तंतोतंत चालत नाहीत आणि तीन तासांत फरक कानाला जाणवतो. मागे पडलेला ट्रॅक तेवढा आवळायचा. मंडळी मुंबईत आणि गावात विभागलेली असतील तेव्हाही हेच: कॉल फक्त ऐकण्यासाठी, रेकॉर्डिंग प्रत्येकाकडे आपापलं, आणि हेडफोन सक्तीचे.

फासे टेबलावर टाकले की ठणका स्टँडमधून माइकमध्ये जातो. सुपात गोधडीचा तुकडा अंथरून त्यात टाका, सूप मांडीवर किंवा जमिनीवर. खुळखुळ हलकी ऐकू यायला हवी, ती ऐकणाऱ्याला आवडते. लॅपटॉपच्या चार्जरने ‘हुंऽऽ’ असा आवाज येत असेल तर चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवा. बत्ती गेली तरी खेळ अडत नाही. सुरू करण्याआधी अर्धा मिनिट सगळे गप्प. ती शांतता संकलनात कापलेल्या जागा भरायला लागते.

चकल्या, फरसाण मध्यंतरात.

थांबायची खूण

पहिल्याच बैठकीत विचारून घ्या की कुठले विषय नकोत. आपल्याकडे एक विषय नाव घेऊन विचारा: बुडणं. किनाऱ्यावर जवळपास प्रत्येकाच्या ओळखीत कोणीतरी पाण्यात गेलेलं असतं, आणि खाडीच्या गोष्टीत तो प्रसंग सहज येतो. टेबलाच्या मधोमध फुली काढलेला एक पत्ता ठेवा. जॉन स्टाव्ह्रोपूलोस यांनी सुचवलेलं हे एक्स कार्ड आता सर्रास वापरतात. कोणी त्याला हात लावला की तो धागा तिथेच सोडायचा, कारण विचारायचं नाही. पॉडकास्टसाठी एक भर: तेवढा तुकडा कापायचा, आणि कापला हेही कुठे सांगायचं नाही.

साध्या चुकीसाठी दोन टाळ्या, आणि वाक्य पहिल्यापासून. टाळ्यांचे सुळके संकलनात डोळ्यांना लगेच दिसतात.

संकलन

तीन तासांतून पन्नास मिनिटं. ऑडॅसिटी फुकट आहे आणि पुरेशी आहे. क्रम पाळा: ट्रॅक जुळवणं, कापणं, ८० हर्ट्झखालचं काढून टाकणं, आवाज सपाट करणं, शेवटी एकूण पातळी. ती एलयूएफएसमध्ये मोजतात, म्हणजे कानाला आवाज सरासरी किती मोठा वाटतो त्याचं माप. स्टीरिओ असेल तर उणे १६ एलयूएफएस, मोनो असेल तर उणे १९, शिखर उणे १ डेसिबलच्या वर नको. मोनोत ९६ केबीपीएस एमपीथ्री केलात तर तासाला सुमारे ४३ एमबी होतात. रेंज दोन दांड्यांवर अडकलेल्या वाडीतही उतरतं. पहिल्या भागाला सहा-आठ तास सहज जातात.

नियमांवरची चर्चा, बेरजा, हसण्याचा दुसरा अर्धा भाग कापा. फासे टाकल्यावर आकडा सांगायच्या आधीची शांतता कापू नका. भागाच्या पहिल्या मिनिटात तीन गोष्टी हव्यात: कोण, कुठे, तिथी. ‘आज वद्य अष्टमी, भरती सहाला, आणि तरीवर कोणी नाही.’ सुरू.

जगाचा सातबारा

तिसऱ्या भागानंतर कोणी काय सांगितलं होतं ते आठवत नाही आणि वाद लागतो. त्यावर आपल्या ओळखीचा उपाय आहे. प्रत्येक जागेचा एक उतारा करा:

खालचा धक्का. पहिल्या वळणाच्या आत, दक्षिण काठ.
कब्जेदार: ज्या खेळाडूने ठेवला तो.
इतर हक्क: ज्यांनी चिंचोके देऊन भर घातली ते.
बोजा: तीन पायऱ्या फुटलेल्या, कोणी फोडल्या ते तरीवाल्याला माहीत.
फेरफार: भाग ६, मिनिट ३१, चौथी पायरीही गेली.
पीक: भाग १, २, ६.

पिकाचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. जागा लागोपाठ तीन भाग पडीक राहिली की पुढच्या भागात प्रसंग तिथेच घडवा, नाहीतर उतारा फाडा. फेरफार सगळ्यांच्या सहीशिवाय होत नाही, आणि प्रसारित झालेली गोष्ट मागे जाऊन बदलायची नाही. बदलायचीच तर पात्राला खोटं बोलताना पकडा.

गावाला ऐकू जाणार

तुम्ही कितीही काल्पनिक खाडी म्हणा, ऐकणारे गावातले असतील. सामायिक घराचा वाद, पालखीचा मान, बांधावरून कोर्टात गेलेले भाऊ, हे घ्यायचं तर माणसाचं नातं, पेशा आणि वाडी या तिन्ही गोष्टी बदला. एकच बदलून भागत नाही, उलट शोधणाऱ्याला मजा येते. खऱ्या ग्रामदेवतेचं नाव आणि तिला घालायचं गाऱ्हाणं जसंच्या तसं वापरू नका. गाऱ्हाण्याची लय घ्या, शब्द स्वतःचे रचा. ‘व्हय महाराजा’ एवढं सगळ्यांचंच आहे.

जत्रेत फोनवर टिपलेला पखवाज किंवा पेटी शीर्षकसंगीताला लावायची नाही. वाजवणाऱ्याला बोलवा, दहा मिनिटं वाजवून घ्या, ठरलेले पैसे द्या, नाव घ्या. सिनेमातलं गाणं तर अजिबातच नाही.

मुखपृष्ठ चौरस, ३००० गुणिले ३००० पिक्सेल. नाव देवनागरीत, पण वर्णनात रोमन लिपीतही लिहा, कारण शोधणारे बरेचसे तसंच टाइप करतात. पहिले तीन भाग तयार झाल्याशिवाय पहिला लावू नका. एकदा शिमगा आला की महिनाभर कोणी हाताला लागत नाही, आणि तेव्हा हाताशी भाग हवेत.

कोणीतरी मध्येच सोडून जाणारच. नोकरी बदलते, लग्न होतं. त्याच्या पात्राला मारू नका, तांडेल करून गलबतावर पाठवा. त्याच्या जागांचे उतारे बाकीच्यांत वाटून घ्या, कब्जेदाराचं नाव मात्र त्याचंच ठेवा. रेकॉर्डिंगच्या हंगामात तो गावी आला की एका भागापुरतं गलबत बंदराला लागू शकतं. त्या दिवशीची तिथी तेवढी आधी बघून ठेवा, भर ओहोटीला ते आत येणार नाही.